हदीसचा रावी कसा तपासावा: बुखारीच्या पहिल्या सनदीवर सराव

हदीस म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींविषयी तोंडोतोंडी सांगत आलेले कथन. हदीसच्या ग्रंथातली कोणतीही नोंद उघडा, आधी माणसांची नावे लागतात आणि मजकूर मागाहून येतो. ‘मला अमक्याने सांगितले, त्याला तमक्याने’ ही नावांची ओळ म्हणजे सनद. तिच्या शेवटी येणारा मजकूर म्हणजे मतन. ओळीतला प्रत्येक माणूस रावी. रावीचे दोष दाखवणे आणि त्याच्या भरवशाची ग्वाही देणे या शास्त्राला जर्ह-व-तादील म्हणतात, आणि रावींच्या चरित्रकोशांना अस्मा-उर-रिजाल किंवा नुसते रिजाल.

वडोदऱ्यातले मराठी वाचक या विषयाकडे बहुधा इतिहासाच्या वाटेने येतात. गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत सय्यद नवाब अलींनी संपादलेली ‘मिरात-ए-अहमदी’ चाळताना किंवा पाटणच्या जुन्या विद्वानांविषयी वाचताना हदीसचा उल्लेख येतो आणि कुतूहल वाढते. येताना ते एक प्रश्न सोबत आणतात: हा माणूस खरा की खोटा? या प्रश्नाने काम पुढे सरकत नाही. मुहद्दिस, म्हणजे हदीसचे जाणकार, विचारत ते असे: या माणसाने, या गुरूकडून, या शहरात, या वयात जे ऐकले ते तो नेमके सांगतो का, आणि पाठ असलेले सांगतो की वही उघडून? एकाच रावीबद्दल याची तीन-चार वेगळी उत्तरे निघू शकतात. खालची पद्धत ती उत्तरे काढण्याची आहे. ती सुन्नी परंपरेतली आहे. शिया रिजालचे आधारग्रंथ (नजाशी, तूसी) वेगळे आहेत आणि काही निकषही वेगळे, त्यामुळे दोन्हींची सरमिसळ करू नये.

हाताशी काय हवे

रोजच्या कामाला इब्न हजर अस्कलानींचा (मृत्यू हि. ८५२, म्हणजे इ.स. १४४९) ‘तक्रीब-उत-तहजीब’ पुरतो. सहा प्रमुख हदीसग्रंथांतले आठ हजारांहून अधिक रावी त्यात आहेत आणि प्रत्येकावर दोन-तीन ओळींत निकाल दिलेला आहे. निकाल का दिला ते पाहायला त्यांचाच ‘तहजीब-उत-तहजीब’ लागतो. त्याची जुनी बारा खंडांची छापील आवृत्ती हैदराबादच्या दायरत-उल-मआरिफने हि. १३२५ ते १३२७ या काळात काढली. कोण कोणाचा गुरू आणि कोण कोणाचा शिष्य, यासाठी मात्र मिज्जींच्या ‘तहजीब-उल-कमाल’कडेच जावे. त्यात गुरुशिष्यांच्या याद्या अकारविल्हे आणि भरगच्च आहेत, इब्न हजरनी त्या छाटल्या आहेत. दोषारोपांसाठी जहबींचा ‘मीजान-उल-एतिदाल’. इथे नवशिके हमखास घसरतात. नाव ‘मीजान’मध्ये सापडले म्हणजे माणूस बदनाम, असे नाही. कोणीतरी कधी काही बोलले एवढ्यावर जहबींनी अनेक विश्वासू रावीही त्यात घेतले आहेत, आणि तिथेच त्यांचा बचावही केला आहे.

सहा ग्रंथांबाहेरचा रावी ‘तक्रीब’मध्ये सापडणार नाही. त्याला ‘लिसान-उल-मीजान’ आणि ‘ताजील-उल-मनफआ’ हे इब्न हजरांचेच दोन ग्रंथ पाहावेत. सापडला नाही म्हणून ‘अज्ञात’ असा शेरा मारू नये.

पहिली पायरी: सनद उभी लिहा

सरावाला बुखारींच्या संग्रहातली (सहा प्रमुख ग्रंथांपैकी एक) पहिलीच हदीस घ्या, ‘कर्मे हेतूंवर अवलंबून असतात’ ही. सनद अशी: अल-हुमैदी, सुफियान, यह्या बिन सईद अल-अन्सारी, मुहम्मद बिन इब्राहीम अत-तैमी, अल्कमा बिन वक्कास अल-लैसी, उमर बिन खत्ताब. नावे एकाखाली एक लिहा आणि दोन नावांच्या मध्ये सांगण्याचे क्रियापद लिहा. हे क्रियापद सोडून नावेच उतरवण्याची चूक सर्रास होते, आणि मग चौथ्या पायरीला पुन्हा ग्रंथ काढावा लागतो.

देवनागरीत टिपण करणाऱ्याला एक जास्तीची काळजी घ्यावी लागते. अरबीतली जाल, जे, जाद आणि जोय ही चारही अक्षरे आपल्याकडे ‘ज’मध्ये कोसळतात; से, सीन आणि साद ‘स’मध्ये. म्हणून देवनागरी नावाशेजारी अरबी रूप हवेच. अरबीत उलट अडचण आहे. अय्याश आणि अब्बास, यसार आणि बश्शार ही नावे नुसत्या टिंबांनी वेगळी होतात. सलाम आणि सल्लाम यांत तर टिंबांचाही फरक नाही. नेमक्या याच कामासाठी पाटणच्या मुहम्मद ताहिर पटनींनी ‘अल-मुग्नी’ लिहिला, रावींच्या नावांचा उच्चार अक्षर-अक्षर सांगून पक्का करणारा. पाटण पुढे बडोदे संस्थानात होते, त्यामुळे हा ग्रंथकार आपल्या मुलखातलाच म्हणायचा. बुऱ्हाणपूरचे अली मुत्तकी त्यांचे गुरू. पटनी स्वतः हि. ९८६ मध्ये (इ.स. १५७८) उज्जैनजवळ मारले गेले.

दुसरी पायरी: नेमका माणूस कोण

आपल्या सनदीत नुसते ‘सुफियान’ आहे. त्या पिढ्यांत दोन बडे सुफियान: सुफियान सौरी (मृत्यू हि. १६१) आणि सुफियान बिन उयैना (मृत्यू हि. १९८). सहसा गुरू पाहिला की गाठ सुटते. इथे सुटत नाही, कारण ही हदीस दोघांनीही यह्या बिन सईदकडून घेतली आहे. बुखारींनीच दुसऱ्या एका प्रकरणात ती मुहम्मद बिन कसीरच्या मार्गाने दिली आहे, आणि तिथला सुफियान म्हणजे सौरी. तेव्हा निर्णय शिष्यावरून करायचा. हुमैदी हा मक्केत इब्न उयैनाचा सगळ्यांत नावाजलेला शिष्य, म्हणून हा इब्न उयैना. ढोबळ नियम असा की वकी, अब्दुर्रहमान बिन महदी, अबू नुऐम हे नुसते ‘सुफियान’ म्हणाले तर बहुधा सौरी. हुमैदी, अली बिन मदीनी, कुतैबा म्हणाले तर इब्न उयैना. हम्माद बिन जैद आणि हम्माद बिन सलमा यांचाही घोळ असाच, आणि उपायही हाच.

यह्या बिन सईद नावाचे सहा ग्रंथांत चौघे तरी आहेत: मदीनेचे अन्सारी (हि. १४४), कूफ्याचे अबू हय्यान तैमी (हि. १४५), उमवी (हि. १९४) आणि बसऱ्याचे कत्तान (हि. १९८). सनदीत ‘अन्सारी’ लिहिलेले आहे म्हणून आपण सुटलो. मोबाइल अॅपवर नावाला आपोआप जोडलेले चरित्र तसेच उचलू नका. ही जोडणी चुकते ती अशाच ठिकाणी.

तिसरी पायरी: वर्षे आणि गावे जुळवा

सुफियान सौरींचे एक वचन परंपरेत येते: रावी खोटेपणा वापरू लागले तेव्हा आम्ही त्यांच्यावर तारखा वापरल्या. इस्माईल बिन अय्याशचा प्रसंग यावर नेहमी देतात. खालिद बिन मादानकडून ऐकल्याचे सांगणारा एक जण त्याला भेटला. कोणत्या वर्षी ऐकलेस? ‘११३ मध्ये.’ म्हणजे खालिद वारल्यानंतर सात वर्षांनी, असे इस्माईलने त्याला तिथेच ऐकवले, कारण त्याच्या हिशेबाने खालिद १०६ मध्ये गेला होता. खालिदच्या मृत्यूची इतर वर्षेही कोशांत मिळतात, १०३ पासून १०८ पर्यंत. पण कोणतेही धरले तरी त्या माणसाची सुटका होत नाही. तपासताना हे पाहावेच: मृत्युवर्षाबद्दल मतभेद असतील तर सगळी वर्षे लावून बघा, एकच सोयीचे निवडू नका.

‘तक्रीब’ वापरताना मोठा खड्डा शतकांचा आहे. इब्न हजर मृत्युवर्षातले शंभर-दोनशे गाळतात आणि रावीला बारांपैकी एका तबक्यात, म्हणजे पिढीत, बसवतात. पहिल्या दोन तबक्यांतले लोक हि. १०० च्या आत वारले, तिसऱ्यापासून आठव्यापर्यंतचे १०० नंतर, नवव्यापासून बाराव्यापर्यंतचे २०० नंतर. अपवाद असेल तर ते तिथे सांगतात. आपल्या सनदीवर लावू. हुमैदी, दहावा तबका, ‘१९ साली’: २१९. इब्न उयैना, आठवा, ‘९८ साली, वय ९१’: १९८, म्हणजे जन्म १०७ चा. यह्या अन्सारी, पाचवा, ‘४४ किंवा नंतर’: १४४. मुहम्मद तैमी, चौथा, ‘२० साली’: १२०. अल्कमा, दुसरा, खलिफा अब्दुल मलिकच्या कारकिर्दीत, म्हणजे ६५ ते ८६ च्या दरम्यान. उमर २३ मध्ये. यह्या वारला तेव्हा इब्न उयैना ३७ वर्षांचा होता, ऐकायला भरपूर वाव होता. गावेही जुळतात: उमरपासून यह्यापर्यंत मदीना, पुढे इब्न उयैना आणि हुमैदीपाशी मक्का. तबका न बघता ‘४४’ आणि ‘९८’ तसेच वाचले तर साखळी उलटीपालटी होते आणि धडधाकट सनद तुटलेली दिसते.

हिजरी वर्षाचे इसवी सन हवे असेल तर ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा. एखाद्या वर्षाची चूक पडते, एवढ्या कामाला ती चालते.

समकालीन असणे पुरे की भेट झाल्याचा पुरावा हवा, यावर बुखारी आणि दुसऱ्या प्रमुख संग्रहाचे कर्ते मुस्लिम (हे व्यक्तीचे नाव) यांची मते वेगळी होती. मुस्लिम समकालीनत्व आणि भेटीची शक्यता एवढ्यावर ‘अन’ने (नुसत्या ‘-कडून’ने, पुढची पायरी पाहा) सांगितलेले घेतात, बुखारी प्रत्यक्ष भेट सिद्ध झालेली मागतात.

चौथी पायरी: क्रियापद वाचा

‘हद्दसना’ (आम्हाला सांगितले), ‘अख्बरनी’ (मला कळवले), ‘समितु’ (मी ऐकले) ही थेट ऐकल्याची क्रियापदे. ‘अन’ म्हणजे नुसते ‘-कडून’. ते थेट ऐकणाऱ्याच्याही तोंडी असते आणि मधला माणूस गाळणाऱ्याच्याही. गुरूकडून काही हदीस खरोखर ऐकलेल्या, पण हीच तेवढी दुसऱ्याकडून, आणि त्या दुसऱ्याचे नाव ‘अन’खाली लपवले, याला तदलीस म्हणतात. तदलीस करणारा माणूस खोटारडा ठरत नाही, त्याचे ‘अन’ तेवढे चालत नाही. शुअबा बिन हज्जाज (मृत्यू हि. १६०) कतादाच्या तोंडाकडे बघत बसे, ‘हद्दसना’ निघाले की लिही, नाहीतर सोडून देई. म्हणूनच आमश, अबू इसहाक आणि कतादा या तिघांकडून शुअबाने घेतलेले ‘अन’ असले तरी बिनघोर घेतात. त्याने गाळणी आधीच लावलेली असते.

आपल्या सनदीत सगळी क्रियापदे थेट ऐकल्याची आहेत. इब्न उयैनावर ‘तक्रीब’मध्ये तदलीसचा शेरा आहे (विश्वासू लोकांपुरतीच, असेही म्हटले आहे), पण इथे तो ‘हद्दसना’ म्हणतो, म्हणून तो शेरा इथे लागत नाही.

पाचवी पायरी: अदालत आणि जब्त

रावीत दोन गोष्टी पाहतात. अदालत म्हणजे तो मुसलमान, वयात आलेला, शुद्धीवरचा आणि उघड पापाचरणापासून दूर असलेला असावा. पैगंबरांचे सहाबी, म्हणजे सोबती, अदालतीच्या बाबतीत तपासणीबाहेर धरले जातात. मालिक, शुअबा यांच्यासारख्यांना त्यांची ख्यातीच पुरते. इतरांसाठी जाणकाराची साक्ष लागते. बोलण्यातल्या खोटेपणातून तौबा करणाऱ्याची कथने पुढे घेतात, पण हदीसमध्ये एकदा जाणूनबुजून खोटे बोललेल्याचे अहमद बिन हंबल आणि वर आलेले हुमैदी कधीच घेत नाहीत.

दुसरी गोष्ट जब्त, म्हणजे नेमकेपणा, आणि खरे काम इथे आहे. सज्जनपणा आणि नेमकेपणा एकत्र येतातच असे नाही, हे या लोकांनी फार लवकर ओळखले. अबू जिनाद म्हणतात, मदीनेत मी शंभर जण पाहिले, सगळे सचोटीचे, पण हदीस कोणाकडूनही घेतली जात नसे.

नेमकेपणा मोजायची मुख्य रीत तुलनेची. यह्या बिन मईन (मृत्यू हि. २३३) हम्माद बिन सलमाची तीच ती पुस्तके सतरा शिष्यांकडून ऐकून अठराव्याकडे गेले. कशाला, असे विचारल्यावर त्यांनी कारण सांगितले: हम्मादकडूनही चूक होई आणि शिष्यांकडूनही. सगळे शिष्य एकाच चुकीवर जुळले तर चूक हम्मादची. सगळे जुळले आणि एकटा वेगळा पडला तर चूक त्याची. आपल्या वडोदऱ्याच्या प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती (१९६० ते १९७५) ज्या तर्काने केली, तोच हा तर्क: सर्व प्रतींत असलेली चूक मूळ प्रतीची, एकाच प्रतीतली नकलणाऱ्याची. हे करून पाहायचे असेल तर रावीची वीसेक कथने घ्या, त्याच गुरूच्या इतर भरवशाच्या शिष्यांची तीच कथने शेजारी मांडा, आणि तीन खुणा करा: जुळते, एकट्याचेच आहे, विरोधात जाते. एकट्याची असणे हा लगेच दोष होत नाही. मुहम्मद तैमीबद्दल ‘तक्रीब’ म्हणतो, सिका (भरवशाचा), पण त्याच्यापाशी काही एकट्याच्या हदीस आहेत. आपली ही हदीस त्यांतलीच: उमरपासून यह्यापर्यंत एकच धागा, यह्यानंतर शिष्यांची झुंबड. मुस्लिमनी सांगितलेली धोक्याची खूण तिसरी आहे, विरोधात जाण्याचे प्रमाण वाढले की रावी पडतो.

दुसरी रीत परीक्षेची. अबू नुऐमच्या हदीस लिहून इब्न मईननी दर दहांमागे एक परकी हदीस घुसवली आणि त्यांच्यापुढे वाचायला लावली. अबू नुऐमनी परकी प्रत्येक वेळी ओळखली, आणि हा कोणाचा उद्योग ते कळल्यावर इब्न मईनना लाथ घातली. इब्न मईन खूश झाले. याउलट, पुढे केलेले काहीही ‘हो, माझेच’ म्हणून स्वीकारणारा रावी नापास. बगदादेत बुखारींसमोर शंभर हदीसच्या सनदी उलटसुलट करून ठेवल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. ती सांगणारे इब्न अदी मात्र ‘अनेक शेखांकडून ऐकले’ एवढेच म्हणतात, नावे देत नाहीत. शास्त्र त्यांचेच लावले तर गोष्टीची सनद कच्ची, हे लक्षात ठेवून ती सांगावी.

सहावी पायरी: शेरा कोणाचा, शब्द कोणता

‘तक्रीब’चे बारा दर्जे थोडक्यात असे. सहाबी सर्वांत वर. मग दुहेरी ग्वाही असलेले, ‘सिका सिका’ किंवा ‘सिका हाफिज’. तिसरा नुसता ‘सिका’. चौथा ‘सदूक’, म्हणजे खरा, पण नेमकेपणात जरा कमी. पाचवा ‘सदूक, पण चुका करतो’. सहावा ‘मकबूल’. हा शब्द फसवा आहे: दुसऱ्याचा दुजोरा असेल तरच स्वीकार्य, एकटा असेल तर कच्चा. सातवा ‘मस्तूर’, एकाहून अधिकांनी त्याच्याकडून घेतले पण ग्वाही कोणी दिली नाही. आठवा ‘जईफ’, म्हणजे कच्चा. नववा ‘मजहूल’, ज्याच्याकडून एकानेच घेतले. दहावा ‘मतरूक’, म्हणजे सोडून दिलेला, अकरावा खोटेपणाचा आरोप असलेला, बारावा उघड खोटा किंवा रचणारा.

मूळ समीक्षकांचे शेरे वाचताना त्यांची बोली ठाऊक असावी लागते. इब्न मईन ‘हरकत नाही’ म्हणाले की ते सिका या अर्थाने. बुखारी सौम्य बोलतात, म्हणून ‘याच्याबद्दल विचार करावा लागेल’ (फीहि नजर) हे त्यांच्या तोंडी फार कडक असते. अबू हातिम राजी आणि इब्न मईन हात आखडता ठेवणारे. त्यांनी सिका म्हटले तर घट्ट धरा, एकट्यांनीच जईफ म्हटले तर दुसरे मत पाहा. इब्न हिब्बान अनोळखी माणसालाही ‘विश्वासू’ यादीत घेतात, म्हणून फक्त त्यांच्या यादीवर विसंबू नये.

मते भिडली तर कारण सांगितलेला दोष नुसत्या स्तुतीवर भारी पडतो. पण कारण खरोखर कारण असले पाहिजे. शुअबाला विचारले, अमक्याची हदीस का सोडली? तो तट्टू उधळताना दिसला, म्हणून! खतीब बगदादींनी हा किस्सा दोष नसलेल्या दोषांत घातला आहे, आणि ते योग्यच आहे. समकालीनांची चीडही वेगळी काढायची. मालिकनी इब्न इसहाकना दज्जाल (महाठक) म्हटले, तरी ‘तक्रीब’चा निकाल ‘सदूक, तदलीस करतो’ एवढाच आहे. पंथभेदाचेही तसेच: अबान बिन तगलिबबद्दल जहबी लिहितात, पक्का शिया, पण खरा, त्याचा खरेपणा आपल्याला, त्याचा पंथ त्याला.

सातवी पायरी: कधी, कुठे, कशातून

खालिद प्रकरणात लबाडी पकडणारा इस्माईल बिन अय्याश स्वतः अर्धाच चालतो. शामच्या (सीरियाच्या), म्हणजे स्वतःच्या मुलखातल्या गुरूंकडून सांगतो तेव्हा सदूक. हिजाजी-इराकींकडून सांगताना गोंधळ. मअमर यमनमध्ये पक्का, बसऱ्यात चुका, कारण तिथे त्याच्या वह्या सोबत नव्हत्या. सिमाक बिन हर्ब एरवी ठीक, इक्रिमाकडून सांगताना डळमळीत. अता बिन साइबची स्मृती उतारवयात ढासळली. शुअबा आणि सौरी यांनी आधी ऐकले होते म्हणून त्यांचे चालते, जरीरने नंतर ऐकले म्हणून त्याचे नाही. ‘तक्रीब’मध्ये ‘शेवटी बदलला’ असा शेरा दिसला की थांबायचे आणि शिष्य आधीचा की नंतरचा ते ‘तहजीब’मध्ये शोधायचे, न सापडल्यास निकाल राखून ठेवायचा.

वहीमुळेही माणूस पडतो. सुफियान बिन वकी सचोटीचा होता. त्याच्या लेखनिकाने त्याच्या कागदांत परक्या हदीस घुसवल्या. लोकांनी सावध केले, त्याने ऐकले नाही, आणि त्याची कथने बाद झाली.

निकाल लिहिताना

सर्व रावी सिका निघाले तर ‘रावी सिका आहेत’ एवढेच लिहा. ‘हदीस सहीह’ (अस्सल) हा त्यापुढचा निकाल आहे, त्याला बाकीचे सर्व मार्ग गोळा करावे लागतात. अली बिन मदीनी म्हणत, मार्ग गोळा केल्याशिवाय चूक दिसत नाही, आणि ही चूक सिका माणसाचीही असू शकते. एखादा रावी कच्च्या स्मृतीचा निघाला तर स्वतंत्र दुसरा मार्ग शोधा. तसाच कच्चा पण वेगळ्या वाटेने आलेला मिळाला तर हदीस ‘हसन लि-गैरिही’ (दुसऱ्याच्या आधाराने चांगली) या दर्जापर्यंत चढते. दोष खोटेपणाचा असेल तर असे दहा मार्ग जोडूनही काही चढत नाही, आणि बहुतेक वेळा ते दहाही मार्ग शेवटी एकमेकांकडून उचललेले निघतात.